भांडगावचा सर्व्हर आणि मराठी अक्षरांचा क्रम

२०२१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या भांडगावच्या घरातील सर्व्हरची प्रणाली बदलली. सर्व्हर हा शब्द येथे जरा भारदस्तच झाला. वस्तुतः तो मोडीत निघालेला एक संगणक आहे. जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी तो दिवसरात्र चालू असतो आणि घरातील इतर संगणकांना व फोनना आमचा संग्रह पुरवतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने येताना यवत ओलांडले की भांडगाव लागते; चौफुला त्याच्या पुढे. दौंड-शिरूर भागातील आमच्या विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन आणलेले बोलीतील शब्द, जात्यावरच्या ओव्या आणि गुऱ्हाळाची परिभाषा असे काही हजार चिठ्ठ्यांचे धन त्या यंत्रात आहे. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. संगणकातले आमचे ज्ञान गरजेपुरते, म्हणजे गरजेहून थोडे कमीच.

यंत्रावर डेबियन ही मुक्त प्रणाली आहे. इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या आणि स्वयंसेवकांनी वाढवलेल्या ह्या प्रणालीच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. नववी आवृत्ती स्ट्रेच, दहावी बस्टर. स्ट्रेचची दीर्घकालीन देखभाल २०२२ च्या जूनमध्ये संपणार होती, म्हणून बदल अटळ होता. अकरावी आवृत्ती तोवर आलेली होती. परंतु येथे एकदम दोन पायऱ्या चढायच्या नसतात, म्हणून आधी बस्टर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आज्ञा दिल्या, यंत्राने चारपाच प्रश्न विचारले, आम्ही होकार दिले, आणि संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत झाले. एक सावधगिरी मात्र आम्ही बाळगली होती. संग्रह ज्या पोस्टग्रेस्क्यूएल नावाच्या कोठारात आहे, त्याची जुनी आवृत्ती आम्ही तशीच राहू दिली. हातचे काही जाऊ नये म्हणून संग्रहाला हातच लावायचा नाही, असा विचार त्यामागे होता.

चार दिवसांनी एका विद्यार्थिनीने ‘भां-१-१’ ह्या क्रमांकाची चिठ्ठी मागितली. आमच्या चिठ्ठीक्रमांकांत गावाचे आद्याक्षर, वहीचा आकडा आणि पानाचा आकडा असतो. शोध घेतला, तर उत्तर आले : नोंद आढळली नाही. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. काही सापडत, काही सापडत नसत. एकूण नोंदींची संख्या मात्र पूर्वीइतकीच! आमच्यापैकी एकीने न सापडणाऱ्या चिठ्ठ्या कागदावरून पुन्हा टंकून भरल्या, आणि एकाच क्रमांकाची दुसरी नोंद कधीही न स्वीकारणाऱ्या त्या कोठाराने त्या मुकाट घेतल्या. तेव्हा मात्र भीती वाटली. पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, “मामा, तुम्ही माहिती हलवली नाहीत, पण तिच्याखालचा क्रम हलला. मामींनी भरलेल्या चिठ्ठ्या आता दुबार झाल्यात. आधी त्या काढा.”

क्रम हलला म्हणजे काय, हे सांगणे येथे अगत्याचे आहे, कारण मराठीच्या अभ्यासकाला त्यात बरेच ओळखीचे आढळेल. कोशातील शब्द आपण पहिल्या पानापासून वाचत शोधत नाही. मधले पान उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहतो, पुन्हा मधले पान उघडतो. संगणकाची सूचीही तशीच शोधते. त्यासाठी कोणते अक्षर आधी व कोणते नंतर हे पक्के ठरलेले असावे लागते. हे ठरवण्याचे काम प्रणालीतील एका मूलभूत ग्रंथालयाकडे असते. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती निघाली, तेव्हा जगातील लिप्यांचा क्रम एका नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार मांडण्यात आला. बस्टरमध्ये तीच आवृत्ती आहे. जुन्या क्रमात जोडरेषा प्रथम दुर्लक्षिली जाई, त्यामुळे ‘११’ आधी येई आणि ‘१-१’ नंतर. नव्या क्रमात जोडरेषेला स्वतःचे वजन मिळाले आणि ‘१-१’ पुढे सरकले. आमची सूची जुन्या क्रमाने रचलेली, शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा. चिठ्ठी जागेवरच होती, पण शोधणारा दुसऱ्याच पानावरून परत जात होता. कोठाराचे कर्ते ह्या धोक्याचा इशारा केव्हाच देऊन बसले होते. आम्ही तो वाचला नव्हता. आम्ही कोठारही नव्या आवृत्तीत ओतून घेतले असते, तर सूची नव्याने रचली गेली असती आणि हा प्रकार घडलाच नसता. आमची सावधगिरीच आम्हांला भोवली.

दुबार नोंदी काढून सूची पुन्हा रचायला यंत्राला काही मिनिटे पुरली. इतिहासाचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. एव्हाना संशय बळावल्याने आम्ही कागदी चिठ्ठ्या घेऊन सगळाच संग्रह ताडून पाहू लागलो, आणि ‘गुऱ्हाळ’ ह्या एका शब्दाखाली असलेल्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या आढळल्या. पडद्यावर पहिली दोन रूपे तंतोतंत सारखी दिसतात. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे एक न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह घातले आहे. युनिकोडने पुढे पहिली रीत मुख्य मानली आणि आपल्याच दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरीही चालू ठेवली. आमच्या शोधाला मात्र ते दोन निराळे शब्द. तिसऱ्या रूपात ते अदृश्य चिन्हही गळून पडलेले, आणि शब्दाचा झालेला ‘गुर्हाळ’.

हा तिसरा प्रकार कोठून आला, ते आम्हांला ठाऊक होते. २००० च्या सुमारास आमच्या पहिल्या चिठ्ठ्या टंकल्या गेल्या, तेव्हा श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण असे टंक प्रचारात होते आणि प्रत्येकाची अंतर्गत संकेतावली निराळी होती. तो टंक नसलेल्या यंत्रावर मराठी मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उघडत असे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी समान संकेत रुजवण्याचे मोठे काम केले, इस्की हे प्रमाण १९९१ साली मानक म्हणून मान्य झाले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. तरीही सामान्य मराठी टंकलेखक त्यानंतर दहा-पंधरा वर्षे आपापल्या टंकातच राहिला. आम्हीही राहिलो. पुढे एका रूपांतरकातून सारा मजकूर युनिकोडमध्ये ओतला, वरवर चाळला, आणि काम झाले असे समजलो. त्या ओतण्यात आचाऱ्यांचे आचार्य झाले! लग्नघरच्या स्वयंपाकाविषयीच्या एका नोंदीत आचार्यांनी बुंदी पाडल्याचे पाहून आम्ही हसलो खरे. पण ही चूक डोळ्यांना दिसते, कारण तेथे अर्थ बिघडतो. ‘गुर्हाळ’ वाचताना मन आपोआप दुरुस्ती करते आणि पुढे जाते.

ह्याच भागात ह्याहून कष्टाचे मुद्रितशोधन होऊन गेले आहे. भांडगावपासून जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंनी तेथील मुक्ती सदनात छापखाना घातला आणि आश्रयाला आलेल्या मुली-स्त्रियांना खिळे जुळवायला शिकवले. हिब्रू व ग्रीक मुळांवरून रमाबाईंनी केलेले, साध्या बायकांना उमगेल अशा मराठीतले बायबलचे भाषांतर तेथेच छापले गेले. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या त्या डोळ्यावरच्या पापणीसारख्या ‘र’साठी जुळारी बाईला वेगळा खिळा उचलावा लागे. चुकीचा उचलला तर मुद्रितात ते दिसे आणि चिमट्याने खिळा बदलावा लागे. न दिसणारा खिळा मात्र तिच्या पेटीत नव्हता. आमच्या पेटीत तो होता, आणि तोच हरवला.

मराठीचे अशा प्रकारचे अद्ययावतीकरण पहिल्यांदाच झालेले नाही. विल्यम कॅरीने १८१० साली श्रीरामपुरात छापलेल्या मराठी कोशात मोडीचे खिळे वापरले. छपाईत पुढे बाळबोधच स्थिरावली आणि मोडीतील दप्तरे वाचणारे उत्तरोत्तर विरळ झाले. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. पण ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आंत’ ह्या रूपांत छापलेले दीडशे वर्षांचे वाङ्मय त्या दिवशी जुन्या क्रमातच राहिले. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आजचा विद्यार्थी उघडतो, तेव्हा एका अनुस्वारापायी त्याचा शब्द चुकतो आणि तो म्हणतो, कोशात नाही. वर्गात आम्ही हे अनेकदा ऐकले आहे आणि दरवेळी विद्यार्थ्याला आळशी ठरवले आहे. नियम बदलणाऱ्यांनी जुन्या-नव्या रूपांची जोडसूची सोबत दिली असती, तर त्याच्यावर ही पाळी आली नसती. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीचे प्रमाण वर्णलेखन ठरवून दिले. तथापि त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून टंकलेले शब्द अजून तसेच जागोजागी पडून आहेत. इतकेच काय, युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ बसतो; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे आहे. दोन्ही क्रम कोणीतरी बसून ठरवलेलेच.

येथे हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या ओवीसंग्रहाची आठवण होते. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या संगणकावर आल्या, आणि त्यांतील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. आता हा ठेवा ‘परी’ ह्या संकेतस्थळावर आहे. अक्षर संशयास्पद वाटले तर तेथे निदान काही ओव्यांसाठी बाईचा आवाज ऐकता येतो. आमच्याकडे आवाज नाही. पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पारखणाऱ्या ज्या गुळव्याने काहील, चुलाण, मळी, काकवी ह्यांविषयी आमच्या मुलांना दोन संध्याकाळ सांगितले, तो आता नाही. आहेत त्या शिसपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही, आणि दर सत्रात पुढे येणारे तीनचार विद्यार्थी, चिठ्ठी व पडदा समोरासमोर ठेवून वाचतो. एकजण मोठ्याने चिठ्ठी वाचतो, दुसरा पडदा. ‘गुऱ्हाळ’ची तिन्ही रूपे आता एका ठिकाणी आली आहेत, प्रणालीही दरम्यान पुढे गेली आहे, आणि त्या वेळी मात्र कोठार मागे ठेवले नाही. एका चिठ्ठीवर काम अडले आहे. शिरूर भागातील एका आजीची ओवी : भाऊ बहिणीला न्यायला येतो आणि वाटेत त्याने काय ओलांडले ते ती सांगते. यंत्रात ‘दर्या’ आहे. तो मूळचा ‘दऱ्या’ असेल आणि ओतताना बिघडला असेल, असे आमच्यापैकी एकाचे मत. घाटापलीकडच्या सासुरवाशिणीला दऱ्याच दिसणार. दुसरीचे म्हणणे असे की ज्या बाईने समुद्र पाहिलेला नाही, तीच भावाला दर्या ओलांडायला लावते. कागदावर घडी नेमकी त्या अक्षरावर पडली आहे आणि शिसपेन पुसली आहे. आजी हयात नाहीत, आणि लिहून घेणाऱ्या मुलीला आठवत नाही. तूर्त दोन्ही पाठ ठेवले आहेत. त्यांना एकच क्रमांक द्यावा की दोन, ह्यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.