शाळेबाहेरच्या मुलाचें ऋण

शिक्षणशास्त्राचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा मोठ्या तत्त्वज्ञांपासून आरंभ करितात. रूसो, पेस्टालॉत्सी, फ्रोबेल हीं नांवें क्रमानें येतात, आणि बालशिक्षणाचा सारा ओघ त्यांच्याच चिंतनांतून निघाला असा वाचकाचा समज होतो. हा समज सर्वस्वी खोटा नाहीं. परंतु या ओघास येऊन मिळणारा दुसरा एक प्रवाह आहे, व त्याचा उगम विद्वानांच्या अभ्यासिकेंत नसून, "हीं शिकणार नाहींत" म्हणून शाळेनें ज्यांना दाराबाहेर ठेविलें अशा मुलांच्या सहवासांत आहे. आजच्या बालवाडींत मूल ज्यांवर बोट फिरवितें तीं काचकागदाचीं खरखरीत अक्षरें, बटणें लावण्याच्या व नाड्या बांधण्याच्या चौकटी, रंगांच्या व आकारांच्या जोड्या जुळविण्याचे खेळ, या साऱ्यांची वंशावळ शोधीत मागें गेलें तर आपण रोममधील वेड्यांच्या इस्पितळाशीं, आणि त्याच्याहि मागें पॅरिसच्या मुक्याबहिऱ्यांच्या विद्यालयाशीं येऊन पोहोंचतों. साधनें शाळेंत आलीं. ज्याच्यासाठीं तीं शोधिलीं तो विद्यार्थी मात्र फार काळ बाहेरच राहिला. हें कसें घडलें तें सांगणें, आणि त्यापासून आजच्या शिक्षकास कांहीं बोध घेतां येतो कीं काय तें पाहणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इ. स. १८०० च्या जानेवारी महिन्यांत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत सुमारें अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा रानांतून एका खेड्यांत आला. त्यास एकहि शब्द बोलतां येत नव्हता. त्याच वर्षीं त्याला पॅरिसला आणण्यांत आलें, तेव्हां "रानटी मनुष्य" पाहावयास लोकांची झुंबड उडाली. परंतु डोलणारा, चावणारा, कोणाकडे लक्ष न देणारा एक मळकट पोर पाहून त्यांचें कुतूहल लौकरच विटलें. वेड्यांना माणुसकीनें वागविण्याचा पुरस्कार करणारा सुप्रसिद्ध वैद्य पिनेल यानें मुलाची तपासणी करून, हा जन्मतःच जड आहे व त्याच्या सुधारणेची आशा नाहीं, असा अभिप्राय दिला. मुक्याबहिऱ्यांच्या विद्यालयांतील सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर ज्यां इतार यास तो मान्य झाला नाहीं. मनुष्यसंगाच्या अभावामुळें मुलगा असा झाला आहे, तो संग मिळाला कीं त्याचें मन जागें होईल, असें त्याचें म्हणणें होतें. या दोघांपैकीं कोणाचें निदान खरें होतें हा वाद आजहि मिटलेला नाहीं. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच आहे. निदान कांहींहि असो, इतारनें मुलाला शिकविण्यास आरंभ केला.

त्यानें मुलाचें नांव व्हिक्टर असें ठेविलें, व गेरँ नांवाच्या एका बाईंनीं आईच्या मायेनें त्याचा सांभाळ केला. इतारनें आधीं ऊन-थंड पाण्याच्या स्नानांनीं त्याची त्वचा जागी केली. मग फळ्यावर वस्तूंचीं चित्रें काढून ज्या-त्या चित्राखालीं ती-ती वस्तु टांगावयास शिकविलें. पुढें चित्रांच्या जागीं आकार आले, आकारांच्या जागीं धातूचीं अक्षरें आलीं. 'दूध' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचीं चार अक्षरें व्हिक्टर जुळवूं लागला, आणि एके दिवशीं तर परक्या घरीं जातांना तीं चार अक्षरें आपण होऊन बरोबर घेऊन गेला व तेथें मांडून त्यानें दूध मागितलें. पुढें शब्द आणि वस्तु यांचा संबंध शिकवितांना एक विलक्षण अडचण आली. 'पुस्तक' हा शब्द म्हणजे खोलींतील तें एकच विशिष्ट पुस्तक, असें व्हिक्टर समजे. दुसरें पुस्तक दाखविलें तर तें त्याच्या लेखीं पुस्तकच नव्हे. सामान्य शिक्षकानें येथें कपाळावर हात मारून घेतला असता. इतारनें ही चूक हाच मुलाच्या विचाराचा नकाशा मानला, आणि तिच्यावरून पुढचा पाठ रचला.

इतार साधु नव्हता. त्याचा धीर सुटे, तो रागावे, एकदां तर त्यानें मुलाला उंच खिडकींतून बाहेर धरून दहशत घातली. पांच वर्षांनंतर त्यानें हा प्रयोग सोडून दिला. व्हिक्टरला बोलतां आलें नाहीं, आणि गेरँबाईंच्या आश्रयास राहून तो १८२८ मध्यें वारला. इतारला स्वतःला आपण हरलों असें वाटलें. परंतु १८०१ व १८०६ सालीं लिहिलेल्या त्याच्या दोन वृत्तांतांत शिक्षणशास्त्राचा एक नवा नियम उदयास आलेला दिसतो. तो असा, कीं मूल अडलें म्हणजे प्रथम संशय पाठाचा घ्यावा, मुलाचा नव्हे.

हा नियम पुढें चालविला तो एदवार सेगँ यानें. इतारच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याच सल्ल्यानें सेगँनें एका मंदबुद्धि मुलाच्या शिक्षणास हात घातला. १८४२ सालीं पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळांत त्याची नेमणूक झाली. पण अधिकाऱ्यांशीं पटेना म्हणून तेथून त्याला लौकरच बाहेर पडावें लागलें. १८४६ मध्यें त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें तो अमेरिकेंत स्थायिक झाला व १८६६ सालीं आपल्या पद्धतीचें विवरण त्यानें इंग्रजींत केलें. आधीं स्नायु, मग इंद्रियें, मग कल्पना, असा त्याचा क्रम होता. हाताला वळण लागल्याशिवाय डोळ्याला अक्षर दिसत नाहीं, म्हणून आधीं रेषा, मग लेखन, मग वाचन. एवढेंच नव्हे, तर ही पद्धत सर्वच मुलांस लागू पडेल असेंहि त्यास वाटत होतें. परंतु वेड्यांच्या वैद्याचें शिक्षणविषयक मत शाळांनीं ऐकून घेण्याचा तो काळ नव्हता.

याच सुमारास युरोपांत सक्तीच्या शिक्षणाचें युग अवतरलें. इंग्लंडांत १८८० सालीं व फ्रान्समध्यें १८८२ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. तोंपर्यंत न शिकणारें मूल शेतांत किंवा घरांत असे. त्याची गणतीच होत नसे. सक्तीनें तें शाळेंत आलें, आणि त्याचें करावयाचें काय हें शाळेस उमगेना. इंग्लंडांत १८६२ पासून शाळेचें अनुदान मुलांच्या लेखन-वाचन-गणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेविलें होतें. अशा व्यवस्थेंत मागें पडणारें मूल म्हणजे शाळेच्या हिशेबांतील तोटा. १८९९ च्या इंग्रजी कायद्यानें अशा मुलांसाठीं निराळे वर्ग काढण्यास वाट करून दिली. फ्रान्समध्यें १९०४ सालीं यासाठीं एक मंडळ नेमलें गेलें, आणि त्याच प्रश्नाच्या निमित्तानें बिने व सिमाँ यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. बुद्धि ही अचल वस्तु नसून अभ्यासानें वाढते असें बिनेचें स्वतःचें मत होतें, व कोणत्या मुलाला विशेष साहाय्य हवें एवढेंच त्यास ओळखावयाचें होतें. त्याच्या अनुयायांनीं मात्र त्या कसोटीच्या आंकड्यास जन्मभराच्या निकालाचें रूप दिलें.

हा निकाल चुकीचा ठरूं शकतो याचें प्रात्यक्षिक त्यापूर्वींच रोममध्यें होऊन चुकलें होतें. १८९६ सालीं वैद्यकाची पदवी घेतलेल्या मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टर विद्यापीठाच्या मानसोपचार-विभागांत काम करीत असतां, वेड्यांच्या इस्पितळांत प्रौढ रुग्णांबरोबर कोंडलेलीं मंदबुद्धि मुलें त्यांच्या दृष्टीस पडलीं. त्यांनीं इतार व सेगँ यांचे ग्रंथ नुसते वाचले नाहींत, तर त्यांचें इटालियन भाषांतर करून तें स्वतःच्या हातानें उतरून काढिलें. या मुलांचा प्रश्न वैद्यकाचा कमी व अध्यापनाचा अधिक आहे, असें त्यांनीं १८९८ मध्यें तुरीन येथील शिक्षणपरिषदेंत प्रतिपादन केलें. पुढें रोममधील अशा मुलांच्या संस्थेंत त्या दोन वर्षें सकाळपासून सायंकाळपर्यंत स्वतः शिकवीत राहिल्या, आणि त्यांचे कांहीं विद्यार्थी सामान्य मुलांबरोबर सरकारी शाळेच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाले. लोक त्या चमत्काराचें कौतुक करूं लागले. माँटेसरीबाईंना निराळाच प्रश्न पडला: माझीं मुलें जर सामान्य मुलांच्या बरोबरीस येतात, तर निरोगी, सुदैवी मुलांना इतक्या खालच्या पायरीवर अडवून धरणारें त्यांच्या शाळेंत आहे तरी काय?

शिक्षणाच्या इतिहासांत याहून मर्मभेदी प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. परंतु त्याच प्रश्नानें त्यांचें लक्ष एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे वळविलें. १९०१ सालीं त्यांनीं ती संस्था सोडली. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें, व तेथें सेगँच्या परंपरेंतील साधनें गरिबांच्या पण सामान्य मुलांच्या हातीं आलीं. पूर्वींच्या संस्थेंत वापरलेल्या लांकडी अक्षरांसारखीं अक्षरें येथें करून मिळेनात, म्हणून काचकागद कापून तीं बनविण्यांत आलीं. चार-पांच वर्षांचीं मुलें आपण होऊन लिहूं लागलीं, आणि थोड्याच वर्षांत या पद्धतीची कीर्ति जगभर पसरली. पुढें पुष्कळ ठिकाणीं ही पद्धत सधनांच्या मुलांचें भूषण झाली. ज्यांच्या अडखळण्यांतून ती जन्मली त्यांना तिच्या दारांत प्रवेश राहिला नाहीं. यांत माँटेसरीबाईंना दोष देण्याचा हेतु नाहीं. घडलें तें असें घडलें.

त्या बालगृहांत एक गोष्ट मात्र अशी होती, कीं तिच्यांत त्या वगळलेल्या मुलासाठींहि जागा होती. तेथें तीन ते सहा-सात वर्षांचीं मुलें एकाच दालनांत असत, आणि प्रत्येक जण आपापलें काम आपापल्या गतीनें करी. सर्वांनीं एकाच वेळीं एकच पाठ शिकावयाचा, असा ज्या वर्गाचा नियम आहे, त्या वर्गांत कोणी तरी शेवटचा असणें अपरिहार्य आहे. किंबहुना तो नियमच शेवटचा विद्यार्थी निर्माण करितो. जेथें पाठच निरनिराळे, तेथें मागें पडणें या शब्दाचा अर्थच पालटतो.

ही पद्धत आपल्याकडे आली तेव्हां तिच्या वाट्यास एक भाग्याची गोष्ट आली. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक यांनीं त्यांच्या सहकार्यानें १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. खुद्द माँटेसरीबाई १९३९ सालीं मद्रासेस आल्या व महायुद्धाचीं वर्षें या देशांतच राहून त्यांनीं शेंकडों शिक्षक तयार केले. पण खरें नवल घडलें तें ठाणें जिल्ह्याच्या त्या काळच्या किनारपट्टींत. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडीं साधनें खेड्यांत परवडणारीं नव्हतीं. त्यांच्या जागीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. वस्तींतील मुलें बालवाडीस येत नाहींत असें दिसतांच, त्यांच्या आईबापांना दूषणें देत न बसतां, बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेण्यांत आली. अंगणवाडी ती हीच. पुढें १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळा त्यांच्या मागोमाग कुरणांत गेली, आणि तिला कुरणशाळा असें नांव पडलें. व्हिक्टर आणि हीं मुलें यांच्यांत बुद्धीचें कांहीं साम्य होतें असें नव्हे. साम्य आहे तें शिक्षकाच्या वृत्तींत. मूल शाळेस जुळत नसेल तर शाळेनें आपला आकार बदलावा, हा इतारचाच नियम बोर्डी-कोसबाडास खोलीच्या भिंतींनाहि लागू झाला.

आतां कायद्यानें दार उघडलें आहे. कोठारी आयोगानें १९६४-६६ मध्यें अपंग मुलांना सामान्य शाळांत सामावून घेण्याचे प्रयोग करण्याची शिफारस केली. १९७४ सालीं केंद्र सरकारची तशी योजना निघाली. १९९४ च्या जूनमध्यें स्पेनमधील सालामांका येथें ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनीं सर्वसमावेशक शाळेचें तत्त्व मान्य केलें. आपल्या १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले, त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचाहि अंतर्भाव झाला, आणि समावेशक शिक्षण हें शासनमान्य शाळांचें कर्तव्य ठरलें.

यावर वर्गशिक्षकाचा जो आक्षेप आहे तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. वर्ग भरगच्च, पाठ्यक्रम ठरलेला, परीक्षा डोक्यावर. अशांत एका मुलाकडे निराळें लक्ष द्यावें कसें? शिवाय बहिऱ्या मुलास खुणांची भाषा बोलणारी सोबत हवी, अंध मुलास ब्रेल जाणणारा शिक्षक हवा. तो न देतां त्यांना सामान्य वर्गाच्या शेवटच्या बांकावर बसविणें हा समावेश नसून एकांतवासाचाच दुसरा प्रकार आहे. विशेष शाळांनीं हीं साधनें व हें कौशल्य अनेक वर्षें जपलें, हें त्यांचें श्रेय कोणीं नाकारूं नये. हा आक्षेप खरा आहे, पण तो मुलाविरुद्धचा आक्षेप नाहीं; तो वर्गाविरुद्धचा आहे. शिक्षक कमी असतील तर ते वाढविले पाहिजेत, पाठ एकसुरी असेल तर तो बदलला पाहिजे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महाविद्यालयांत गेलें आहे, व तेथेंहि आम्ही प्राध्यापक एका काल्पनिक 'सरासरी' विद्यार्थ्यास उद्देशून व्याख्यान देतों. तो विद्यार्थी कोणत्याहि बांकावर बसलेला कधीं आढळला नाहीं.

समावेशक शिक्षणाची भाषा बहुधा औदार्याची असते: दुर्बलांना आपण जवळ करावें, त्यांना संधि द्यावी, इत्यादि. इतिहास पाहिला तर देणें-घेण्याचा हा हिशेब उलटा आहे. मुळाक्षर बोटानें ओळखण्याची, हातानें विचार करण्याची, आपल्या गतीनें चालण्याची जी सवलत आज सामान्य मुलास मिळते, ती ज्यांना अक्षरशत्रु ठरविलें अशा मुलांनीं आपल्या शिक्षकांना अडवून, थकवून, पुनःपुन्हा विचार करावयास लावून मिळवून दिली आहे. त्यांना वर्गांत घेणें हा उपकार नव्हे. तें दोनशें वर्षांचें थकलेलें ऋण आहे, आणि कायद्यानें त्याची मुदत आतां भरली आहे.