दोन्हीकडून आपणच

माणसाला खेळायला दुसरा माणूस लागतो, ही समजूत बहुधा त्या दुसऱ्या माणसानेच पसरवली असावी. पत्त्यांचा पेशन्स एकट्याने लावला तर कुणी काही म्हणत नाही. कॅरमबोर्डावर एकटेच सोंगट्या घालवत बसलात तर लोक 'सराव चाललाय' म्हणतात. बुद्धिबळाचा पट मांडून एकट्याने हनुवटीला हात लावून बसलात, तर घरातली माणसं पावलं न वाजवता चालतात. पण टेबलावर हिरवं कापड अंथरून, त्यावर बावीस बटणं मांडून, घटकेत या बाजूने आणि घटकेत त्या बाजूने टिचक्या मारणारा पोक्त गृहस्थ दिसला, की पाहुणे आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याच्या बायकोकडे. दुसऱ्या नजरेत सहानुभूती असते.

मी हा खेळ कामणला खेळतो. वसई म्हटलं की लोकांना किल्ला, केळी आणि चर्च आठवतात. आमचं कामण त्या वसईपासून लांब, हायवेच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या अंगाला आहे. आम्हाला 'कामण रोड' नावाचं स्वतःचं स्टेशन आहे. पण दिवा-वसई मार्गावर गाड्या इतक्या मोजक्या, की एक चुकली तर पुढची येईपर्यंत साखळी सामन्यांची एक फेरी आरामात आटोपते. त्यात आमचा पाऊस. तो एकदा डोंगरावरून उतरला की चार महिने जायचं नाव घेत नाही. अशा ठिकाणी माणसाने एक तर कविता कराव्यात, नाहीतर टिचकीचा फुटबॉल खेळावा. कवितांचा त्रास इतरांना होतो, म्हणून मी फुटबॉल निवडला.

साहित्य फारसं लागत नाही. कोटाची मोठी बटणं, ती उलटू नयेत म्हणून खाली चिकटवलेले वॉशर, चेंडू म्हणून एक टणक वाळका वाटाणा आणि गोल म्हणून दोन आडव्या काड्यापेट्या. कामणच्या आसपास कारखान्यांचे गाळे बरेच, त्यामुळे वॉशरला तोटा नाही. हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की हा गरिबाघरचा जुगाड आहे, खरा खेळ विलायतेत काचेच्या शोकेसमध्ये असणार. पण गंमत अशी, की विलायतेतही त्याचा जन्म अगदी असाच झाला.

पीटर अ‍ॅडॉल्फ नावाचा एक इंग्रज. महायुद्धात हवाई दलात होता. युद्ध संपल्यावर सुटून आला आणि पोटासाठी पक्ष्यांच्या अंड्यांचा व्यापार करू लागला. आपल्याकडे अंड्यांचा व्यापार म्हणजे ऑम्लेट; त्याचा व्यापार संग्राहकांसाठी होता. 1946 च्या ऑगस्टमध्ये त्याने मुलांच्या एका मासिकात टेबलावरच्या फुटबॉलची जाहिरात दिली. त्या वेळी विकायला त्याच्याकडे एकही संच तयार नव्हता. पैसे मात्र धडाधड येऊ लागले आणि बिचाऱ्याला खेळ तयार करणं भाग पडलं. 1947 मध्ये पहिले संच टपालाने रवाना झाले. आत काय होतं? पुठ्ठ्याचे खेळाडू, बटणासारख्या बैठका, वजनाला वॉशर, तारेचे गोल आणि कागदाची जाळी. मैदान नव्हतंच! त्याऐवजी खडूचा एक तुकडा होता आणि सूचना होती, की लष्करातून आलेलं एखादं जुनं ब्लँकेट घ्यावं आणि त्यावर आपलं आपण मैदान आखावं. युद्धाने दमलेल्या त्या देशात कापड रेशनवर होतं, पण लष्करी ब्लँकेटं मुबलक होती.

नावाची कथा त्याहून मजेदार. अ‍ॅडॉल्फला खेळाचं नाव 'हॉबी' ठेवायचं होतं. हॉबी म्हणजे छंद, आणि पक्ष्यांच्या नादी लागलेल्या या माणसाला ठाऊक होतं, की ससाण्याच्या जातीतल्या एका चपळ पक्ष्यालाही इंग्रजीत हॉबीच म्हणतात. पण सरकारी कचेरीने हा शब्द फारच सर्वसाधारण आहे, असं म्हणून नोंदणी नाकारली. तेव्हा त्याने त्या पक्ष्याचं शास्त्रीय नाव काढलं, 'फाल्को सब्यूटिओ', आणि त्यातला मागचा अर्धा भाग खेळाला चिकटवला. पुढे जगभरातल्या लाखो मुलांनी त्या नावाने खेळ मागितला. आपण मागतोय तो एक पक्षी आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

अर्थात अ‍ॅडॉल्फ पहिला नव्हे. लिव्हरपूलला विल्यम कीलिंग नावाच्या माणसाने 1929 सालापासूनच 'न्यूफुटी' नावाचा असाच खेळ विकायला काढला होता. तिकडे ब्राझीलमध्ये मुलं कोटाची बटणं घेऊन खेळायची. जेराल्दो देकूर्त नावाच्या गृहस्थाने 1930 मध्ये त्याचे नियम रीतसर छापले. बापांच्या कोटांचं काय झालं, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, पण मी कल्पना करू शकतो. दांड्यांचा जो फुटबॉल आपण पाहतो, त्याचं पेटंट हॅरल्ड थॉर्नटन या इंग्रजाने 1923 मध्ये मिळवलं. काड्यापेटीवर आडव्या ठेवलेल्या काड्या पाहून त्याला ते सुचलं म्हणतात. आणि स्पेनमधली गोष्ट तर हसू मावळवणारी आहे. तिथल्या यादवी युद्धात अलेहान्द्रो फिनिस्तेरे नावाचा कोवळा तरुण बॉम्बहल्ल्यात जखमी होऊन इस्पितळात पडला होता. आजूबाजूला जखमी मुलं होती. फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, पण ती पुन्हा मैदानावर धावण्याच्या स्थितीत नव्हती. त्याने एका सुताराला हाताशी धरून त्यांच्यासाठी टेबलावरचा फुटबॉल करवून घेतला. 1937 मध्ये पेटंट घेतलं, आणि पुढे देश सोडून पायी पिरेनीज ओलांडताना ते कागद पावसात भिजून वाया गेले, असं तो सांगत असे.

या साऱ्या मंडळींकडे पाहिलं, की एक गोष्ट लक्षात येते. कुणाकडे कापड नव्हतं, कुणाकडे पैसे नव्हते, कुणाकडे धावायला पाय नव्हते. हा खेळ पहिल्यापासून काहीतरी कमी असलेल्यांचा आहे. माझ्याकडे फक्त समोरचा माणूस कमी आहे. त्या मानाने मी सुखवस्तूच म्हणायचा.

एकट्याने खेळण्यालाही परंपरा आहे. आपल्याकडे शाळेच्या मागच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने पुस्तकातलं क्रिकेट खेळलेलं असतं. पुस्तक कुठेही उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, आणि शून्य आलं की बाद. डावं पान नेहमी समसंख्येचं, त्यामुळे या क्रिकेटमध्ये तीन धावा कुणालाच कधी काढता आल्या नाहीत. इतिहासाचं जाडजूड पुस्तक त्याला सर्वांत उत्तम; मराठी मुलांनी या ग्रंथाचा इतका सखोल उपयोग दुसऱ्या कशासाठी केला नसेल. अमेरिकेत तर 'ऑन द रोड' लिहिणारा जॅक केरुआक हा बेछूट म्हणून गाजलेला लेखक लहानपणापासून घरी एकट्याने बेसबॉलची अख्खी स्पर्धा चालवत असे. गोट्या, दात कोरायच्या काड्या आणि पत्ते एवढं त्याचं भांडवल. संघांना मोटारींची नावं दिलेली. सामन्यांच्या बातम्या तोच लिहायचा, खेळाडूंचे पगार तोच ठरवायचा आणि पगारावरून होणारी भांडणंही स्वतःच लावायचा. मोठेपणीही त्याने हा नाद सोडला नाही, आणि त्याच्या मित्रमंडळींना त्याचा फारसा पत्ता नव्हता. जगाला ओरडून सांगण्यासारखं पुष्कळ करूनही हे मात्र त्याने लपवलं, यावरून पाहुण्यांची ती नजर अमेरिकेतही असते, हे सिद्ध होतं.

आता अडचणींकडे येऊ. टिचकीच्या फुटबॉलमध्ये हल्ला करणाऱ्याच्या प्रत्येक टिचकीनंतर बचाव करणाऱ्यालाही एक टिचकी मिळते. एक टिचकी इकडून, एक तिकडून. मी शिस्तीने ज्याची पाळी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. एका सामन्यात टेबलाला शंभरेक प्रदक्षिणा होतात. वटपौर्णिमेला बायका सातच घालतात, आणि त्यांना पुण्य मिळतं. दुसरी अडचण गोलकीपरची. तो मागून काडीला धरून हलवायचा असतो. म्हणजे उजव्या हाताने गोल मारायचा आणि डाव्याने अडवायचा. आणि उजवा हात कुठे मारणार, हे डाव्याला आधीच ठाऊक! म्हणून मी नियम केला: आधी मोठ्याने कोपरा जाहीर करायचा, मग फासा टाकायचा. एक-दोन आले तर कीपर डावीकडे, तीन-चारला मधे, पाच-सहाला उजवीकडे. कीपर तिथे ठेवून मग टिचकी. तिसरी अडचण खास आमच्या गावची. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरून कंटेनर गेला, की टेबल थरथरतं आणि वाटाणा आपणहून चालू लागतो. तेव्हा कंटेनरने मारलेला गोल धरायचा नाही, हाही नियम आहे. जगातल्या कुठल्याही नियमपुस्तकात तो नसेल.

पण खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती मला जुने सामने पुन्हा खेळायला लागल्यावर कळली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सकडून 2-1 ने हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. मग 1956 चं मेलबर्न. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी आपण 4-2 ने हरवलं. मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आपण उपांत्य फेरीत! समोर युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही, मग पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. आणि त्यानंतर युगोस्लाव्हियाचे चार. आज तो देश नकाशावर नाही. माझ्या टेबलावर मात्र आहे, आणि चांगल्या फॉर्मात आहे.

इथे मोह होतो. आपल्याला इतिहास दुरुस्त करायची सवयच आहे. पानिपत आपण कट्ट्यावर बसून रोज जिंकतो. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते, अमक्याने कुमक वेळेवर पाठवली असती, की झालं! कट्ट्यावरचं पानिपत सोपं असतं, कारण तिथे अब्दालीच्या वतीने टिचकी मारायला कुणी बसलेलं नसतं. माझ्या टेबलावर ते मलाच करावं लागतं. नेव्हिलने गोल केला, की टाळ्या वाजवायच्या, मग टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचं, आणि आता इकडून पाहिल्यावर भारताच्या बचावात केवढं भगदाड दिसतंय, हे मान्य करायचं. तिथून वाटाणा जाळ्यात मारायचा, तोही मन लावून. बघायला कुणी नाही. टिचकी किंचित हळू बसली तर विचारणारं कुणी नाही. युगोस्लाव्हिया काही तक्रार करायला येणार नाही. नेमकं म्हणूनच ती पूर्ण ताकदीने मारावी लागते.

निकाल मी एका वहीत लिहितो. मेलबर्नचा तो उपांत्य सामना आजवर अकरा वेळा झाला. नऊ वेळा युगोस्लाव्हिया जिंकला, दोनदा भारत. हिने एकदा वही चाळली. म्हणाली, "अहो, दोन्हीकडून तुम्हीच, वही तुमची, पेन तुमचं. मग आपल्यालाच नऊ वेळा हरवलंत कशाला?" मी म्हटलं, "ते दोन विजय गोड लागावेत म्हणून." ती जरा वेळ पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "एवढा खरा हिशेब आपल्या सोसायटीचाही नसतो हो." आमच्या संसारात हे प्रशस्तिपत्रक समजलं जातं.

तेव्हा एकट्याने खेळताना समोर कुणी नसतं, हे काही खरं नाही. समोरच्याची बाजू आपल्याला सांभाळायची असते, एवढंच. आणि ती सांभाळता सांभाळता तो इतका ओळखीचा होतो, की त्याच्याकडून हरलं तरी फारसा राग येत नाही. आत्ता बाहेर पाऊस धरलाय, वसईकडच्या गाडीला पावणेदोन तास आहेत आणि रस्त्यावर कंटेनरही दिसत नाही. बटणं पुसून झाली आहेत. सामना बारावा, पहिली टिचकी युगोस्लाव्हियाची.