बार्तिमी सदनाचं नाव

केडगाव दौंड तालुक्यात मोडतं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या मुली-बायकांसाठी घर होतं, बार्तिमी सदन. रमाबाईंच्या शारदा सदन, कृपा सदन या घरांची नावं आपल्या कानाला सरळ. हा बार्तिमी कोण?

यरीहोच्या वाटेवर बसणारा आंधळा भिकारी. मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या शेवटी, सात वचनांत त्याची गोष्ट येते. येशू चाललाय हे कळताच तो दयेची याचना करत ओरडू लागतो. लोक दटावतात, तसा हा आणखीच मोठ्याने ओरडतो. येशू थांबून त्याला बोलावतो. अंगावरचं वस्त्र टाकून तो उठतो, आणि येशू विचारतो, तुला काय हवं? आंधळ्याला हे विचारायचं? पण विचारलं खरं. दृष्टी मिळाल्यावर तो घरी जात नाही, येशूच्या मागे यरुशलेमची वाट धरतो. मत्तयाकडे या गोष्टीत आंधळे दोन, लूककडे एकच. नाव मात्र दोघंही देत नाहीत. मार्क बरं झालेल्यांची नावं सहसा सांगत नाही, याचं सांगतो.

1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांतून रमाबाईंनी शेकडो मुली केडगावी आणल्या. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन. पुन्हा दिसण्याची आशा नसलेल्यांच्या घराला दृष्टी लाभलेल्याचं नाव, म्हणजे थट्टाच की! मला तसं वाटत नाही. गोष्टीतलं बरंचसं डोळे उघडण्याआधीच घडून जातं: दटावणी झुगारणं, बोलावणं येणं, काय हवं ते कुणीतरी विचारणं. एवढं केडगावातही करता येण्यासारखं होतं.

रमाबाईंची लेक मनोरमाबाई हिने सदनातल्या मुलींना ब्रेल शिकवली. पाटीत जाड कागद अडकवायचा, टोच्याने सहा ठिपक्यांच्या घरात उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की उठलेले ठिपके बोटाखाली डावीकडून उजवीकडे लागतात.

उतारवयात रमाबाईंना स्वतःला ऐकू येईनासं झालं होतं. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचं काम त्यांनी तशातही रेटलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. बार्तिमीच्या गोष्टीसकट तो ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्या छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच बाया होत्या.