निवांत वाटेचा इतिहास

मोटारसायकलीवर बसून, एकट्यानें, आडवाटांनीं चार-आठ दिवस फिरावयाचें, हा प्रवासाचा प्रकार अलीकडे आपल्या सुशिक्षित तरुणांत बराच आवडता झाला आहे. हमरस्ता टाळावा, फाटा दिसेल तेथें वळावें, सांज होईल तेथें मुक्काम करावा, एवढाच त्याचा नियम. असा एखादा प्रवासी ऐन थंडींत बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाटाकडे वळला, तर त्यास मनाजोगती वाट सांपडेल. बालाघाटचें पठार, काळें रान, मध्येंच उघडा पडलेला कातळ, दोहों बाजूंस ज्वारी, आणि रस्ता अगदीं निवांत. घरीं परतल्यावर तो कौतुकानें सांगेल कीं, वाटेंत कोसकोस माणूस भेटला नाहीं. ही निवांतता आली कोठून, हा प्रश्न मात्र त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न होय.

प्रथम एकटेपणाविषयीं. मौजेखातर एकट्यानें हिंडणें ही आपल्याकडील जुनी रीत नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत गेले ते चुलत्यांच्या सोबतीनें. ठग आणि पेंढारी यांच्या आठवणी ज्या पिढीच्या मनांत ताज्या होत्या, तिला निर्जन वाट ही रम्य वाटण्याजोगी वस्तूच नव्हती. एकटा निघे तो बैरागी, जासूद, नाहींतर ज्याच्या डोक्यांत एखाद्या कार्याचें वेड शिरलें आहे असा मनुष्य. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३ ते १९२६) हे या तिसऱ्या वर्गांतले. जुन्या दप्तरांच्या शोधांत त्यांनीं गांवोगांव पायपीट केली, आणि तिचें फळ 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या १८९८ पासून निघूं लागलेल्या खंडांत आपल्या हातीं आलें. ज्ञानेश्वरीची जी प्राचीन पोथी त्यांनीं १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली, ती त्यांस या बीडच्याच भूमींत लाभली होती. राजवाडे एकटे हिंडले खरे. परंतु वाटेवरचीं घरें उघडीं होतीं आणि घरांत माणसें होतीं, म्हणूनच त्यांचें हिंडणें सफळ झालें. रिकाम्या गांवांत पोथी दाखविणार कोण?

आतां वाहनाविषयीं थोडें. गॉटलिब डाइमलर यानें १८८५ मध्यें लाकडी सांगाड्याच्या दुचाकीस तेलाचें इंजिन बसविलें. पुढें अर्ध्या शतकाच्या आंतच, १९३२-३३ मध्यें, रॉबर्ट फुल्टन नांवाच्या अमेरिकन तरुणानें मोटारसायकलीवरून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणेचा प्रवास केला, आणि त्या वाटेंत हिंदुस्थानहि पाहिला. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस 'बुलेट' तयार होऊं लागली. तथापि ती सामान्य कुटुंबाची वस्तु नव्हती. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें थोड्या तेलांत पुष्कळ पल्ला गांठणाऱ्या गाड्या निघाल्या, तेव्हांच मोटारसायकल खेड्यांत शिरली. नांदूरघाटासारख्या गांवांत ती हौसेचें साधन नव्हे. दुधाच्या कॅना, खताचें पोतें, दवाखान्यांत न्यावयाची म्हातारी, सारें तिच्यावरच जातें. एकाच यंत्रावर बसलेले दोघे एकाच वाटेनें जातात, पण एक फिरावयास निघालेला असतो आणि दुसरा नडीपायीं.

राहिली ती वाट. ही वाट आड ठरली ती कांहीं सृष्टीच्या नियमानें नव्हे. येथून फार दूर नसलेला धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान यानें १५६७ मध्यें बांधला, तो या घाटमाथ्यावर ताबा असावा म्हणूनच. एका काळाचा राजमार्ग ती दुसऱ्या काळाची आडवाट. पुढें हा मुलूख निजामाच्या राज्याच्या कडेला पडला, आणि कडेच्या मुलुखास पक्की सडक उशिरा मिळते. निजाम सरकारनें १९३२ मध्यें २७ मोटारगाड्यांनिशीं सरकारी बसवाहतूक सुरू केली खरी. पण गाडी सडकेपर्यंत, आणि सडकेपासून गांवापर्यंत चिखल तुडवीत जावें लागे. १९४३ च्या नागपूर योजनेनें राष्ट्रीय मार्गांपासून गांवरस्त्यांपर्यंत सडकांची प्रतवारी लावली. त्या प्रतवारींत शेवटचा क्रमांक खेड्याचा.

मग हे रस्ते झाले केव्हां? या प्रश्नाचें उत्तर मराठवाड्यांतील कोणत्याहि वृद्ध बाईस विचारावें. ती म्हणेल, 'बहात्तरच्या दुष्काळांत.' १९७२ सालीं पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें विकलीं गेलीं, आणि जे आपल्या रानाचे धनी होते ते खडीकेंद्रावर हातोडी घेऊन बसले. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. पोटापुरती मजुरी आणि वर सुकडी, एवढ्यावर त्यांनीं दगड फोडले, मुरूम वाहिला, तलाव खणले, रस्ते घातले. 'मागेल त्याला काम' हें तत्त्व त्याच अनुभवांतून दृढ झालें. १९७७ मध्यें त्याचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यास तोच आदर्श ठरला. तेव्हां या पठारावरील कित्येक आडरस्त्यांच्या डांबराखालीं जी खडी आहे ती भुकेनें फोडलेली आहे.

आणि निवांतता? तिचें कारण याहून जवळचें आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाहतां पाहतां पश्चिम महाराष्ट्र उसानें हिरवा झाला. तो ऊस तोडावयास माणसें लागलीं, तीं या कोरडवाहू डोंगरपट्ट्यानें पुरविलीं. दसरा झाला कीं मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांतून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती. फडापाशीं कोपी घालून राहावयाचें, पहाटे तोडावयाचें, रात्रीं मोळ्या भरावयाच्या, आणि उन्हाळा लागल्यावर परत यावयाचें. पाठीमागें गांवांत उरतात म्हातारेकोतारे आणि शाळेंतलीं कांहीं पोरें. आपला प्रवासी येतो तो नेमका याच दिवसांत, कारण हवा तेव्हांच सुखाची असते. ज्या शांततेनें त्याचें मन निवतें, ती कुलूप घातलेल्या घरांची शांतता आहे.

हें वाचून कोणी आपली सफर रद्द करावी, असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. मोटारसायकलीचा मोठा गुण असा कीं, ती वाटेल तेथें थांबवितां येते. एस. टी. वेळेनें बांधलेली, आगगाडी रुळांनीं. ही मात्र पारावर एखादा म्हातारा दिसला तरी थांबूं शकते. प्रवाशानें इंजिन बंद करून त्याच्याशेजारीं बसावें, आणि 'बाबा, हा रस्ता कोणी केला? गांवांतलीं माणसें कोठें गेलीं?' एवढें विचारावें. राजवाड्यांस घरोघरीं पोथ्या मिळाल्या. याला पोथी मिळणार नाहीं. पण जो इतिहास अद्यापि कोणी कागदावर उतरविलेला नाहीं, तो त्या म्हाताऱ्याच्या तोंडीं आहे, आणि तो ऐकावयास फार दिवस उरलेले नाहींत.