भिंतीतून जाणारा निरोप

गवंडी गिलाव्यावर थापीच्या दांड्याने ठोकून पाहतो आणि आतून तो सुटला आहे की घट्ट आहे, हे आवाजावरून सांगतो. पुलाच्या जाडजूड खांबापुढे मात्र ही विद्या अपुरी पडते. पोटातली भेग बाहेर दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. खुद्द खांबाच्या पोटातूनच निरोप यावा, यासाठी जे साधन हाती आले त्याचा उगम 1880 सालच्या पॅरिसमध्ये आहे.

झाक क्यूरी आणि त्याचा एकवीस वर्षांचा धाकटा भाऊ प्येर यांनी त्या वर्षी दाखवून दिले की, काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. गारेच्या स्फटिकाबरोबर त्यांनी तपासलेल्या पदार्थांत उसाची साखरही होती! 1881 मध्ये लिपमनने गणिताच्या आधारे उलट परिणामाचे भाकीत केले: वीज दिल्यास स्फटिकाने आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही प्रयोगाने खरे करून दाखविले. एकच स्फटिक कानही ठरला आणि तोंडही. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी लांजव्हँने त्याला पाण्याखाली बोलते केले. पुढे, 1950 नंतरच्या दशकात, शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भट्टीत भाजून केलेले अधिक प्रभावी पदार्थ आले.

ओलसर काँक्रीट आणि सळयांची जाळी यांतून रेडिओलहरींचा निभाव लागणे कठीण. कंपने मात्र त्यातून सेकंदाला सुमारे 4,000 मीटर वेगाने धावतात. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात गांगबिंग सोंग यांच्या गटाने अशा पदार्थाची ठिसूळ चकती लहानशा ठोकळ्यात बंद करून ती काँक्रीट ओतण्यापूर्वीच आत बसविली. आधी हे ठोकळे भेगांची चाहूल घेण्यासाठी होते. 2010 नंतरच्या दशकात त्यांच्याकडून संदेशवहनही करवून पाहण्यात आले.

अडचण खडीने केली. एक ठोका पाठवावा, तर प्रत्येक खड्यावर आपटून त्याचे लांबलचक गुंजन होई आणि मागून येणारा ठोका त्यात बुडून जाई. यावर योजलेली युक्ती पॅरिसच्या मातियास फिंक यांनी 1990 च्या सुमारास पुढे आणलेली होती. पहिल्या ठोक्याचे गुंजन नोंदवून घ्यावयाचे आणि तेच शेवटाकडून सुरुवातीकडे उलटवून पाठवावयाचे. लांबच्या वाटेचा पडसाद आधी निघतो, जवळच्या वाटेचा मागून, आणि सारे एकाच क्षणी मुक्कामी पोहोचतात. ज्या खडीने बोलणे अस्पष्ट केले, तिच्याच पडसादांनी ते ठळक होते.

मात्र खांबात नवी भेग पडली की पडसादांच्या वाटाही बदलतात. जुनी नोंद मग नीट जुळत नाही आणि ठोका देऊन ते गुंजन पुन्हा नव्याने टिपून घ्यावे लागते.