व्यायाम, संप्रेरके आणि बुद्धी : लोणावळ्याच्या प्रयोगांचे ऐतिहासिक मूल्यमापन

व्यायामाने शरीर बळकट होते, हे सर्वमान्य आहे. परंतु व्यायामाने बुद्धीही तल्लख होते काय, हा प्रश्न महाराष्ट्रात वाटतो त्यापेक्षा जुना आहे. तालमी आणि आखाडे यांची परंपरा या प्रदेशात दीर्घकाळ चालत आलेली असून विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिला राष्ट्रीय चळवळीचे अधिष्ठान लाभले. १९१४ मध्ये अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजविले. कल्याणात नमस्कार मंडळासारखी संस्था उभी राहिली. सुदृढ शरीरात सुदृढ मन वसते, हे या सर्व प्रयत्नांमागील गृहीतक होते. मात्र ते तपासून पाहावे, असे फार थोड्यांना वाटले. ज्यांना वाटले त्यांपैकी लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेच्या कार्याचा, अलीकडील मेंदूविज्ञानाच्या संदर्भात, प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले आणि पुढे परमहंस माधवदास यांच्याकडून योगाची दीक्षा घेतली. काही काळ ते अमळनेर येथे अध्यापन करीत होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रिया करीत असताना पोटाच्या पोकळीत कोणते बदल होतात, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. आतड्यातील दाब मोजला. योग हा श्रद्धेचा विषय मानण्याच्या त्या काळात दाबमापकावरील आकडे छापणारे नियतकालिक काढणे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

तथापि कुवलयानंदांची सर्वच विधाने मोजमापावर आधारलेली नव्हती. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली, आणि पुढील दोन-तीन दशके अंतःस्रावी ग्रंथींविषयीच्या कुतूहलाने भारलेली होती. सर्वांगासनात मानेवर पडणाऱ्या दाबामुळे व वाढत्या रक्तपुरवठ्यामुळे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे आरोग्य सुधारते, असे प्रतिपादन कुवलयानंदांनी केले. ते त्या काळाच्या विज्ञानाशी सुसंगत वाटत असले, तरी ते अनुमान होते. रक्तातील संप्रेरकांची अतिसूक्ष्म मात्रा अचूक मोजणारी यॅलो आणि बर्सन यांची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. म्हणजे दाबाबाबत कुवलयानंदांजवळ आकडे होते आणि ग्रंथींबाबत केवळ तर्क. पुढील काळातील योगविषयक लोकप्रिय वाङ्मयाने या दोहोंतील भेद पुसून टाकला, आणि त्याचा दोष सर्वस्वी कुवलयानंदांकडे जात नाही.

बुद्धीच्या प्रश्नाला थेट हात घातला तो त्यांच्याकडे शिकून गेलेल्या कोवूर बेहानन यांनी. मूळचे केरळचे असलेले बेहानन अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करीत होते. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लोणावळ्यास राहून कुवलयानंदांकडून आसने व प्राणायाम आत्मसात केले आणि परतल्यावर स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायामाच्या वेळी शरीर प्राणवायू अधिक वापरते, असे त्यांना आढळले. त्यानंतर प्राणायामापूर्वी व प्राणायामानंतर बेरजा करणे, सांकेतिक लिपी उलगडणे, रंगांची नावे सांगणे, हातांचा मेळ साधणे अशा चाचण्या त्यांनी दिल्या. प्राणायामानंतर लगेच त्यांची गती वाढण्याऐवजी मंदावली. हा निष्कर्ष त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न लपविता दिला. योगाभ्यासाने भावनिक स्थैर्य वाढल्याचा अनुभव त्यांनी त्याच ग्रंथात नोंदविला आहे. परंतु अनुभव आणि चाचणी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. प्रयोगासाठी एकच व्यक्ती, आणि तीच संशोधक, ही या कामाची मर्यादा उघड आहे. तरीही शिष्याने गुरुगृही शिकलेल्या विद्येविषयी प्रतिकूल आकडे छापावेत, ही घटना आपल्या व्यायामविषयक इतिहासलेखनात जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे.

शासकीय धोरणात मात्र शारीरिक शिक्षणाला स्थान मिळत गेले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर शारीरिक शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले, आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

मेंदूविज्ञानाने या प्रश्नाकडे वळण्यास त्यानंतर अर्धशतक घेतले. धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ या चेतापेशीपोषक प्रथिनाची निर्मिती वाढते, असे १९९५ मध्ये कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. १९९९ मध्ये व्हॅन प्राग, केम्परमान आणि गेज यांनी धावण्यामुळे उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात नव्या चेतापेशींची संख्या वाढते, असे सिद्ध केले. प्रौढ मानवी मेंदूत अशा पेशी कितपत तयार होतात, यावर २०१८ मध्ये परस्परविरोधी शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून तो वाद मिटलेला नाही. २०१२ मध्ये स्पीगलमन यांच्या गटाने आयरिसिन या स्नायूंतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचे वर्णन केले. येथे कुवलयानंदांच्या तर्काची दिशाच उलटते : व्यायामाने ग्रंथी दाबली जाण्याची आवश्यकता नाही, काम करणारा स्नायू हाच ग्रंथीप्रमाणे वागतो.

मानवावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा (२०११). १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालविण्यात आले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्के वाढले, तर ताण देणारे हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ते घटले. बारकाईने वाचल्यास असे दिसते की, या दुसऱ्या गटाच्या कार्यक्रमात योगाच्या एका क्रमाचाही समावेश होता. आणखी एक गोष्ट वृत्तपत्रीय वर्णनांतून सहसा गळते : स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखीच झाली. याच्या उलट, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील २०१३ च्या अभ्यासात सहा महिने योग करणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस वाढल्याचे आढळले. परंतु त्यात केवळ सात व्यक्ती होत्या आणि तुलनेसाठी गट नव्हता. लोणावळ्याच्या बाजूने निर्णय देण्यास हा पुरावा अपुरा आहे, विरोधात देण्यास एरिक्सन यांचाही.

या ठिकाणी सूर्यनमस्कार आणि आसने यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. औंधच्या परंपरेत नमस्कार हा दम लावणारा व्यायाम होता. शेकड्यांनी घातलेल्या नमस्कारांचे साम्य सर्वांगासनापेक्षा भरभर चालण्याशी अधिक आहे. कल्याण-ठाणे परिसरात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत : कल्याणचे नमस्कार मंडळ एकीकडे, तर ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग दुसरीकडे. दोन्हींच्या अभ्यासकांना वर्गापूर्वी आणि वर्गानंतर बेहानन यांच्या धर्तीवर बेरजा देऊन पाहण्यासाठी मेंदूचे छायाचित्र घेणारे महागडे यंत्र लागत नाही. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि एक घड्याळ पुरते.