दारफाळणीचा सण: विसावा आणि प्रायश्चित्त

आज आपण जुन्या यहुदी उपासनेतल्या दोन गोष्टी घेणार आहोत, विसावा आणि प्रायश्चित्त. सुरुवात यरुशलेमेपासून न करता आपल्याच किनाऱ्यापासून करू.

सावित्रीच्या मुखाशी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बाणकोट आहे. 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने इथे काम सुरू केलं, नंतर हर्णैलाही. जॉन विल्सन 1829 मध्ये आले, ते मराठी शिकायला हर्णैलाच राहिले. नदीपलीकडे, आजच्या रायगडातल्या गावांत बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्याजवळ मंदिर नव्हतं, याजक नव्हता, हिब्रू पोथ्याही नव्हत्या. तरी वर्षातून एक दिवस ते उपास करत, पांढरे कपडे घालत आणि दारं लावून घरात बसत. हाच दारफाळणीचा सण. यहुदी पंचांगातला हा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर.

आता लेवीय पुस्तकाचा 16 वा अध्याय बघा. महायाजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानात जातो. दोन बकरे असतात. एकाचा बळी होतो, दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडतात. याजक आत प्रायश्चित्त करत असताना मंडपात दुसऱ्या कोणीही थांबायचं नाही. आणि लोकांनी काय करायचं? उपास करायचा, आणि काम अजिबात करायचं नाही. या दिवसाला तिथे पूर्ण विसाव्याचा शब्बाथ म्हटलं आहे. म्हणजे काम एकाचं आणि विसावा सगळ्यांचा. प्रायश्चित्त आपल्या मेहनतीने होत नाही, हे त्या रिकाम्या हातांनी मान्य करायचं.

इब्री लोकांस लिहिलेलं पत्र हाच धागा उचलतं. चौथ्या अध्यायात ते म्हणतं की देवाच्या लोकांसाठी विसावा अजून राखून ठेवलेला आहे. दहाव्यात ते दाखवतं की याजक रोज उभा राहून तेच यज्ञ करतो, पण ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. उभं राहणं म्हणजे काम बाकी आहे, बसणं म्हणजे ते पुरं झालं. ख्रिस्ती समजुतीत प्रायश्चित्त पुरं झालं म्हणूनच विसावा मिळतो. हे आम्ही मनापासून मानतो.

पण इतिहास इथे थांबत नाही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, बळी थांबले. आता यहुदी उपासनेत उरलं काय, तर फक्त सावली, असं आमचे लोक सहज म्हणत आले. कोकणातल्या मिशनऱ्यांनाही वाटलं असेल की हे लोक शब्बाथ पाळतात, तर पुढचं पाऊल टाकतीलच. विल्सननी 1832 मध्ये खास बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मुलं मिशनच्या शाळांत आली, जुना करार मराठीत वाचू लागली. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. त्या शिक्षणाने बहुतेकांना स्वतःच्याच धर्माची ओळख पक्की झाली. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीही तेच केलं.

यात आमची हार झाली का? आम्हाला तसं वाटत नाही. याजक, वेदी, बकरा काहीही नसताना ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या दार लावून देवासमोर बसली. क्षमा आपण कमवत नाही, ती मिळते, हे लेवीय पुस्तकाचं म्हणणं त्यांनी पोथीवाचून जपलं. मुंबईत 1796 मध्ये त्यांचं पहिलं सभास्थान उभं राहिलं, त्याचं नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार.

ते द्वार कोणामुळे उघडतं, यावर त्यांचं आणि आमचं एकमत नाही, आणि ते झाकायचंही कारण नाही. पण रविवारी प्रार्थना उरकून दुकान उघडायला धावणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांना एक प्रश्न विचारायलाच हवा. सगळं पुरं झालं असं आम्ही म्हणतो, मग आमचा घाणा कधी थांबतो?

आता आपले प्रश्न घेऊया.